आधी बघ, मग घास

गणेश चवथीला अजून अठरा दिवस आहेत आणि आमच्या घरात समया माळ्यावरून खाली आल्या आहेत. इथे गोव्यात, म्हार्दोळला, सकाळपासून एकसारखा पाऊस. न्हाणीघराबाहेरच्या पडवीत जुनं पोतं अंथरून मी बसले आहे. समोर दोन मोठ्या समया, चार लामणदिवे, तांब्याची कळशी, पितळेचं घंगाळ आणि सुपात विहिरीमागच्या झाडाची बिंबलं. सासूबाई, वय ८१, खुर्चीवर बसून माझ्या हाताकडे बघताहेत. मी पहिलं बिंबल उचललं तशा त्या म्हणाल्या, "आदीं पळय गो, मागीर घास."

हे वाक्य मी गेली बावीस वर्षं ऐकते आहे. माझं माहेर मिरजेचं. तिथे पितळ म्हटलं की चिंच, एवढंच ठाऊक. लग्न होऊन इथे आले तेव्हा खोडालाच घोसांनी लगडलेली ही हिरवी, आंबट, बोटाएवढी फळं मी पहिल्यांदा पाहिली. त्यांचं लोणचं होतं, ती वरणात पडतात आणि त्यांनीच समयाही घासतात, याचं तेव्हा फार नवल वाटलं होतं. मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते. बारावीच्या मुलांना ऑक्झॅलिक आम्ल शिकवताना आता मी बाटलीच्या आधी बिंबलंच वर्गात घेऊन जाते.

"आधी बघ" म्हणजे काय, ते या समईवरच सांगते. समईवर मळ एक नसतो, तीन असतात. वातीच्या जागी तेल जळून डिंकासारखा घट्ट चिकट थर बसतो. त्याच्यावर काजळी. आणि नक्षीच्या खाचांत, पायाच्या कडेला, हिरवट कळंक. आंबट घासलं की पितळ लख्ख होतं असं आपण धरून चालतो आणि चिंच काय, लिंबू काय, जोर लावून रगडत बसतो. पण तेलाच्या थरावर आंबटाचं काही चालत नाही. तेल सुटतं ते क्षाराने, नाहीतर साबणाने. म्हणून आधी समईचे भाग सुटे करायचे, कढत पाण्यात रिठ्याचं पाणी घालून अर्धा तास बुडवून ठेवायचे आणि मग राखेने तो चिकटा काढायचा. आमच्याकडे न्हाणीतली चूल अजून पेटते, भाणातलं, म्हणजे न्हाणीतल्या मोठ्या भांड्यातलं, पाणी नारळाची सोडणं आणि झावळ्या घालून तापतं, त्यामुळे राखेला तोटा नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओल्या राखेने तेलकट भांडं घासताना बोटांना बुळबुळीत लागतं ना, तो क्षाराचा गुण. तेलाशी त्याची गाठ पडली की थोडासा साबणच तिथल्या तिथे तयार होतो. राख मात्र चाळून घ्यायची. तिच्यातला एक खडा समईवर ओरखडा काढून जातो आणि तो जन्मभर दिसतो.

तेल गेलं की मग बिंबलं. चार-पाच फळं मुठीत चुरगाळायची, चिमूटभर जाडं मीठ घ्यायचं. आमच्याकडे आगरवाड्याचं मीठ असतं, करडं, ओलसर. कळंकावर रस चोळून हात थांबवा आणि बघत राहा. मिनिटभरात कळंक आपणहून सैल होतो. खाचेतला हिरवा रंग रसात उतरतो आणि रस निळसर हिरवा होऊन कोपरापर्यंत ओघळतो. त्याच्या खालून पितळ वर येतं, आधी मळकट पिवळं, मग मिठाच्या दुसऱ्या हाताने झळझळीत. इतक्या वर्षांनंतरही या क्षणाला माझा हात थबकतो. कळंक म्हणजे मुख्यतः तांब्याचं कार्बोनेट. आम्लात ते विरघळतं, आणि मिठातल्या क्लोराइडमुळे ते काम आणखी लवकर होतं. तो हिरवा रस तांब्याची संयुगं घेऊन आलेला असतो. तो जेवणाच्या भांड्यात, पिण्याच्या पाण्यात जाता कामा नये. हाताला चिरा असतील तर झोंबतोही.

आणि थांबायचं कधी, तेही कळलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी समईचा पाय बिंबलांच्या रसात रात्रभर बुडवून ठेवला होता, जास्त वेळ म्हणजे जास्त चकाकी असं समजून. सकाळी तो गुलाबी झालेला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट फार वेळ राहिलं की जस्त आधी निघून जातं आणि वर तांब्याची लाली उरते. सासूबाईंनी काही न बोलता तो पाय राखेने दोन दिवस घासून घेतला. दहा मिनिटं पुरे. मग भरपूर पाणी, पुन्हा हलका राखेचा हात, पुन्हा पाणी आणि लगेच जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडं. इथल्या हवेत ओलं पितळ तासाभरात डाग धरतं. ऊन नसेल तर मी सुटे भाग चुलीच्या कट्ट्यावर ठेवते, उबेला.

आमच्या म्हाळसेच्या देवळापुढचा तो उंच पितळी दीपस्तंभ ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी कधी पावसाळ्याच्या शेवटी त्याच्याकडे नीट बघावं. या हवेत तेवढं पितळ उजळ ठेवणारे हात कोणाचे असतील, असं मला दरवेळी वाटतं.

कल्हई केलेल्या भांड्यांचं निराळं. बाहेरून बिंबलं चालतील, आतून नाही. आतला पांढरा थर कथलाचा, पातळ. तो मऊ फडक्याने आणि रिठ्याच्या पाण्यानेच धुवायचा. कल्हई उडाली आणि त्यात सोलकढी ठेवली, तर आंबट थेट तांब्याला भिडतं.

चांदीला तर आंबट लावूच नका. देवघरातली निरांजनं काळी पडतात ती चांदीच्या सल्फाइडने. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरायची, वर निरांजन ठेवायचं, चमचाभर खाण्याचा सोडा आणि वरून उकळतं पाणी. निरांजन फॉइलला टेकलेलं असलं पाहिजे, ते महत्त्वाचं. थोडा सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि काळेपणा फॉइलवर जातो. यात चांदी घासली जात नाही, झिजत नाही. नाजूक नक्षी असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. रोजच्या चांदीला रिठा बरा. शेटांच्या, म्हणजे सोनारांच्या, दुकानात दागिने रिठ्याच्या पाण्यात धुताना तुम्हीही पाहिलं असेल.

आता जमिनीचं सांगते. हे लिहायला मला अजून जड जातं.

आमच्या माजघराची जमीन लाल सिमेंटची आहे. सासऱ्यांनी घर वाढवलं तेव्हा गवंड्याने लाल रंग घालून, हाताने घोटून घोटून केलेली. अनवाणी चाललं की थंडगार लागते आणि संध्याकाळी दारातून आलेला उजेड तिच्यात पाण्यासारखा हलतो. सासरे गेल्यावर काही वर्षांनी, लेक रांगती असताना, घरात रसायनं नकोत म्हणून मी फिनाइल बंद केलं. कुठेसं वाचलं की पाण्यात व्हिनेगर घालून फरशी पुसावी, जंतू मरतात, चकाकी येते. माडाच्या सुरेचं घरचं व्हिनेगर होतंच. महिनाभर रोज पुसलं. एका जागी तर लेकीने दूध सांडलं म्हणून नुसतं व्हिनेगर ओतून ठेवलं. एके दिवशी संध्याकाळी सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हांगा उजवाड पडना." इथे उजेड पडत नाही.

दोन हातांएवढी जागा मेलेली होती. खडूसारखी, खरखरीत. सिमेंटमध्ये चुना असतो. चुन्याला आम्ल लागलं की काय होतं हे मी दरवर्षी परीक्षानळीत संगमरवराचा तुकडा टाकून मुलांना दाखवते. व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल साधारण ४ ते ५ टक्के, म्हणून परिणाम दिसायला महिना लागला, इतकंच. जे वर्गात शिकवते ते घरात वापरलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं, आणि सासऱ्यांनी हौसेने करवून घेतलेली वस्तू बिघडली याचं त्याहून जास्त. तो डाग अजून आहे. दर महिन्याला खोबरेलाचा हात देऊन थोडा सावरतो, जात नाही.

म्हणून कळकळीने सांगते. लाल सिमेंट, मोझेक, संगमरवर, कोटा, यांच्यावर व्हिनेगर, लिंबू, चिंच काही नको. आणि ज्यांच्या घरांना अजून काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या जुन्या खिडक्या आहेत त्यांनी तर तिकडे आंबट फिरकूही देऊ नये. शिंपला म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. काचेला व्हिनेगर आणि वर्तमानपत्राचा बोळा छान चालतो, म्हणून तोच बोळा त्या पातळ चकत्यांवर फिरवला, तर त्यांच्यातून येणारा तो दुधाळ उजेड कायमचा जाईल. ओलं मऊ फडकं, मग कोरडं फडकं, पुरे.

आता जमिनीला मी रिठाच वापरते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किलोभर आणला की बराच काळ पुरतो. पंधरा-वीस रिठ्यांच्या बिया काढायच्या, सालं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी पंधरा मिनिटं उकळायची, गार झाल्यावर कुस्करून गाळायची. तपकिरी, जरा आंबूस वासाचं पाणी होतं. त्याला बाजारच्या साबणाएवढा फेस येत नाही, पण मळ रिठ्यातलं सॅपोनिन काढतं, फेस नव्हे. बादलीभर पाण्यात एक वाटी. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, मग वास मारतं. डोळ्यांत गेलं तर भयंकर चुरचुरतं, तेव्हा मुलांच्या हाती देऊ नका.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढणारे व्हिडिओ मला जवळजवळ रोज कोणी ना कोणी पाठवतं. फेस दिसायला जोरदार, पण एक क्षार आणि एक आम्ल भेटली की ती एकमेकांना संपवतात. उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, आणि ते फारसं काही साफ करत नाही. बुडबुड्यांनी मोरीतला सैल कचरा हलेल, तेवढाच उपयोग. दोन्ही कामाच्या वस्तू आहेत, पण वेगवेगळ्या. सिंकला आधी सोडा कोरडा चोळा, धुऊन टाका. मग नळाच्या तोंडावरच्या पांढऱ्या थराला व्हिनेगरचं फडकं गुंडाळून ठेवा. एक्झॉस्ट पंख्याच्या तेलकट पात्यांना धुण्याचा सोडा आणि कढत पाणी, हातात रबरी मोजे घालून. पण ॲल्युमिनियमचं भांडं धुण्याच्या सोड्यात कधी टाकू नका, काळं पडतं.

मासळीच्या वासाकडे येते. सध्या श्रावण असल्यामुळे आमची विळी, इथल्या भाषेत आदोळी, स्वस्थ बसून आहे. चवथ झाली की बांगडे आणि तारले परत येतील आणि ओट्याला तो वास. मासळी शिळी होऊ लागली की तिच्यात ट्रायमिथिलअमाईन तयार होतं. ते क्षारधर्मी आणि उडून जाणारं, म्हणून वास घरभर. आंबट लागलं की त्याचं न उडणारं संयुग होतं आणि वास थांबतो. आपल्याकडच्या बायका मासे धुताना लिंबू चोळतात, हातांना सोलाचं, म्हणजे आमसुलाचं, पाणी लावतात, त्यामागे हे आहे. मी आमटीतून काढलेली सोलं टाकत नाही. वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवते आणि सकाळी त्याच पाण्याने मासे कापायची फळी आणि हात धुते. फळी धुताना पहिलं पाणी गार घ्यायचं. गरम पाण्याने माशाचं रक्त आणि प्रथिनं शिजून लाकडात बसतात, मग निघत नाहीत. आदोळीचं पातं लोखंडी असतं, त्याला सोलाचं पाणी लावलं तर लगेच धुऊन पुसायचं, नाहीतर सकाळी गंज.

गंजावरून आठवलं. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोह आहे, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जमीनच ती. बादल्यांना, संडासाच्या भांड्याला तांबूस पट्टे येतात. तिथे पुन्हा बिंबलंच. ठेचून लावायची, अर्धा तास ठेवायची आणि ब्रशने काढायची. पांढऱ्या कपड्यावर खिळ्याचा गंज लागला असेल तरी चालतं, पण आधी कडेला लावून बघा आणि लगेच धुवा.

बुरशीबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे. जून ते सप्टेंबर गोव्यातलं कुठलं घर तिच्यातून सुटलं आहे? चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव, पुस्तकांच्या कण्यांवर ठिपके, कपाटाच्या पाठीला राखाडी हिरवा थर. लोक कडुलिंबाचा पाला ठेवतात, कापूर ठेवतात. कसर आणि झुरळांसाठी ठेवा. बुरशी त्याने थांबत नाही. तिला हवी असते ओल. लाकडाच्या कपाटावर बुरशी दिसली की कोरड्या फडक्याने झाडू नका, तिची बीजं खोलीभर उडतात. नाकाला रुमाल बांधा, खिडकी उघडा, पांढऱ्या व्हिनेगरने फडकं भिजवून ती जागा ओली करा, तासाभराने पुसा, ते फडकं फेकून द्या.

हे सगळं मी तीन पावसाळे केलं आणि दर पंधरा दिवसांनी बुरशी परत आली. लेकीच्या सकाळच्या शिंका थांबत नव्हत्या. मग एका सुट्टीत आम्ही दोघांनी ते शिसवी कपाट ओढून बघितलं, तर मागची चिऱ्याची भिंत हाताला गार, ओली. वरचं एक कौल सरकलं होतं आणि कपाट भिंतीला चिकटून उभं, वारा जायला फट नाही. कौल बसवलं, कपाट चार बोटं पुढे घेतलं, खाली विटा सारल्या. त्या वर्षी एकदाच पुसावं लागलं. व्हिनेगर चांगलंच आहे, पण ते सरकलेल्या कौलाचं काम करू शकत नाही.

भिंतींना मी तुळशीच्या लग्नाआधी चुना देते. बाजारच्या रंगापेक्षा चुन्यावर बुरशी कमी धरते, कारण ताजा चुना अतिशय क्षारधर्मी, त्यात तिला जगता येत नाही. पूर्वी इथे शिंपल्या भाजून चुना करत. चुनकळी भिजवताना पाणी उकळल्यासारखं होतं. दूर उभं राहून, डोळे सांभाळून करायचं.

अंगण सारवण्याबद्दल नव्या सुना मला विचारतात. मी सारवते, मला आवडतं. ओल्या शेणावरून तळवा फिरवताना जी अर्धवर्तुळं उमटतात ती मी दरवर्षी थोडी निरखून बघते. धूळ बसते, अंगण घट्ट होतं. पण शेणाने जंतू मरतात हे खरं नाही. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हाताला जखम असेल तर सारवू नका, आणि रांगत्या बाळाला त्या ओल्या अंगणात सोडू नका. हे मी सासूबाईंसमोर म्हटलं होतं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच शेजारच्या सुनेला तिच्या बोटाची पट्टी दाखवून परत पाठवलं.

एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहायला हवी. ब्लीचिंग पावडर किंवा दुकानातलं ब्लीच वापरलं असेल त्या जागी व्हिनेगर, लिंबू, संडासाचं ॲसिड काहीही घालू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. व्हिनेगर नैसर्गिक आहे म्हणून यातून सूट नाही.

इथवर लिहिलं तोवर दुसरी समई सुकली. तिच्या पायाजवळ, जिथे तो गुलाबी डाग पडला होता, तिथे आता काही दिसत नाही. सासूबाईंनी ती मांडीवर घेतली, पदराने एकदा पुसली आणि शेंड्याचा मोर फिरवून घट्ट बसवला. उद्या श्रावणातला आयतार, म्हणजे रविवार, पूजेची पत्री अजून आणायची आहे. सुपात सात-आठ बिंबलं उरली आहेत. ती रात्रीच्या वरणात टाकते.